भोपळ्याला पहिली सुरी

दिवाळीचा आकाशकंदील मच्छिंद्र आबांनी अजून खाली उतरवलाही नव्हता, तोवर शाळेनं भुतांचा सण धाडून दिला. शाळेला सुट्टी होती, पण मोबाइलला कुठली सुट्टी? रुद्रच्या वर्गाच्या ग्रुपवर मिसचा मेसेज आला, की एकतीस तारखेला घरच्या घरी हॅलोविन साजरं करा, मुलांना भुताचा पोशाख घाला, भोपळ्याला नाक-डोळे कोरून आत दिवा लावा आणि सगळ्या कुटुंबाचा हसरा फोटो संध्याकाळी सातच्या आत टाका. आबांच्या सुनेनं, सुलक्षणानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'सगळ्या कुटुंबाचा' म्हणताना ती अडखळली आणि तिनं फोन पालथा ठेवला.

"आमच्यात भूत लागलं तर उतरवाया माणूस आणत्यात," आबा म्हणाले, "आन् ह्यांनी आवतण देऊन घरात घ्यायचं? फी घेऊन ही अक्कल शिकवत्यात व्हय?"

सुलक्षणा हसली नाही. ती हसायची फक्त पोरं समोर असली की, आणि तेही आबांनी नेमून दिल्यासारखं.

नेमूनच दिलं होतं म्हणा. गेल्या मार्गशीर्षात सत्यजीत, आबांचा एकुलता एक मुलगा, दुसऱ्या पाळीवरून मोटारसायकलनं परतताना नगर रोडवर कंटेनरखाली गेला. त्याच रात्री आबांनी रुद्र आणि सायलीला झोपेतून उचललं, मामाच्या गाडीत घातलं आणि केडगावला रवाना केलं. रुद्र सहाचा, सायली तीनची. गावी, वडगाव रासाईला, भीमेच्या काठावर आबांनी स्वतःच्या हातानं लेकाला अग्नी दिला. लोक म्हणाले, नातवाला आणा, त्याचा मान आहे. आबा म्हणाले, "माझ्या नातवाला ह्यातलं काय बी कळाया नगं." दहाव्यालाही पोरांना आणलं नाही. पोरं घरी आली तेव्हा पप्पा कंपनीच्या कामाला गुजरातला गेलेले होते.

एकदा खोटं उभं केलं की त्याला टेकू द्यावे लागतात, आणि आबा ते देत गेले. सुनेनं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. पोरांसमोर रडायचं नाही. तुळजाबाईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला रडू आवरायचं नाही, म्हणून आबांनी तिला गाईंपाशी गावीच ठेवलं आणि स्वतः सणसवाडीच्या या दोन खोल्यांत नातवंडं सांभाळायला येऊन राहिले. सुलक्षणाला सत्यजीतच्याच कंपनीत लावून घेतलं होतं. ती पहाटे कुंकू लावून घराबाहेर पडायची, बसस्टॉपवर रुमालानं पुसायची आणि परत येताना तिथंच पुन्हा लावायची. बसस्टॉपवरच्या बायका काय ते बोलायच्या. ती बस यायच्या दिशेला बघत राहायची.

एवढंच काय, वर्षाच्या आत सण करू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी आबांनी या वर्षी गणपतीही केला, दिवाळीही केली. सुतकाच्या घरात चकल्या तळल्या. गावात लोकांनी नावं ठेवली.  आपण पोरांचं बालपण वाचवतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि ते वाचलंही होतं, असंही वाटत होतं. कारण गणपतीपर्यंत 'पप्पा कधी येणार' म्हणून जीव खाणारा रुद्र गणपतीनंतर एकाएकी विचारायचा थांबला. दप्तर स्वतः भरायला लागला, बहिणीला चप्पल घालायला लागला, ताटातलं मुकाट्यानं संपवायला लागला. आबांचा जीव भांड्यात पडला. पोरगं विसरलं, शहाणं झालं, असं ते तुळजाबाईंना फोनवर सांगायचे.

पण एकतीस तारखेला पहाटे सुलक्षणा दारात थांबली.

"आबा, तुम्ही म्हणाला होता, दिवाळी झाली की सांगू. दिवाळी झाली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, रुद्रला बसवावंच लागेल. आज तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. माझ्याच्यानं आता हे कपाळावर होत नाही."

"आज सण हाय पोरांचा," आबा म्हणाले.

"आपल्या घरात रोजच काहीतरी असतं, आबा." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

दिवसभर आबांच्या डोक्यात एकच, सांगायचं कसं? त्यांनी मनातल्या मनात दहा वेळा सुरुवात केली. देवाघरी गेले म्हणावं, तर पोरगं विचारेल कधी. कधी म्हणून सांगितलं, तर विचारेल, मग तेव्हा का नाही सांगितलं? आबांना खरं भय या प्रश्नाचंच होतं.  नातवाच्या नजरेतून आपण उतरलो तर जगायचं कुणाच्या तोंडाकडे बघून, हे त्यांना कळत नव्हतं.

दुपारी दुधाच्या गाडीतून तुळजाबाईंनी पाठवलेला भोपळा आला. उकिरड्यावरच्या वेलाचा, चांगला घागरीएवढा. घरात अख्खा भोपळा यायची ही वर्षभरातली पहिली वेळ. सुलक्षणा बाजारातून फोडच आणायची, पाव किलोची, कापलेली. कारण अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. आबांची आई सांगायची, भोपळा म्हणजे घरातला थोरला लेक, आईनं त्याच्यावर सुरी धरू नये. पुरुषानं एक चीर द्यायची, मग बाईनं पुढचं बघायचं. सत्यजीत होता तेव्हा तो कामावरून आल्याआल्या बूट न काढता घाईघाईनं तेवढी एक चीर द्यायचा आणि वर ऐट मारायचा, "झाला सगळा सैपाक माझा!" त्याचं ते काम आबांना सांगायला सुलक्षणाची जीभ रेटत नव्हती.

चार वाजता सुलक्षणा आली. कपाळावर कुंकू होतं. तिनं डोळ्यांनीच विचारलं आणि आबांनी मान खाली घातली.

मग पोशाखाचं निघालं. पांढरी चादर कपाटात होती. आबा तिरासारखे उठले आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले. खालच्या कप्प्यात, गोधडीखाली, सत्यजीतचा हार घातलेला फोटो होता. "म्या काढतो, म्या काढतो, तुमी पसारा कराल," म्हणत त्यांनी चादर ओढली. सुलक्षणानं तिला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली आणि सायलीनं ती अंगावर घेऊन बाहेरच्या खोलीत हू हू करत धावायला सुरुवात केली.

"तुला नगं का रं चादर?" आबांनी रुद्रला विचारलं.

"मला भूत नाही व्हायचं."

"भ्यालास व्हय रं?" आबांनी त्याला चिडवलं.

"नाही. मम्मीला आवडणार नाही," रुद्र म्हणाला आणि भोपळ्यापाशी जाऊन बसला.

सहा वाजले असतील. स्वयंपाकघरात आबांनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर भोपळा मांडला. सायली बाहेर आरशापुढे स्वतःलाच भेडसावत होती. सुलक्षणानं सुरी धुऊन आबांच्या हातात दिली.

"पहिली तुम्ही लावा. पुढचं मी कोरते."

आबांनी सुरी टेकवली. जन्मभर ऊस तोडलेला हात. पण भोपळ्याच्या सालीवर सुरी टेकली आणि त्यांना सरकारी दवाखान्यातलं ते टेबल दिसलं. फाडून परत शिवलेला सत्यजीत. पोत्याला घालतात तसे जाड टाके होते, गळ्यापासून पार खालपर्यंत. आबांनी सही केली होती, सांगतील तिथं केली होती आणि तरीही डॉक्टरला विचारलं होतं, "दुखलं नसंल ना त्याला?" ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तुळजाबाईंनासुद्धा नाही.

सुरी थरथरायला लागली. आबांनी दुसरा हात लावला, तर तोही थरथरायला लागला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लई टणक हाय ह्यो. फोटो बिटो ऱ्हाऊ दे."

"आबा, द्या मला. मी कापतो," रुद्र म्हणाला.

"तू ल्हान हायेस. हात कापंल."

"पण आजी म्हणते ना, भोपळा घरातल्या पुरुषानं कापायचा. आधी पप्पा कापायचे. आता पप्पा नाहीत. तुमचा हात हलतोय. मग मीच उरलो ना?"

सुलक्षणा ओट्याला धरून उभी राहिली. आबांनी कसंबसं हसू आणलं.

"न्हाईत म्हंजी... गुजरातला हायेत की. सुट्टी गावली की..."

रुद्रनं त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर आबांना बरं वाटलं असतं. एखाद्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देताना बघतात, तसं ते पोरगं समजुतीनं बघत होतं.

"आबा, गणपतीची लायटिंग शोधताना मी तुमच्या कपाटातला फोटो बघितलाय. गोधडीखालचा. हार घातलेला फोटो कुणाचा असतो ते मला माहितीये."

बाहेर सायलीचं हू हू चालूच होतं.

"मग..." आबांनी सुरी खाली ठेवली. "मग बोलला का न्हाईस रं?"

"तुम्ही मम्मीला म्हणाला होता, पोरांपुढं रडायचं नाही. मी सांगितलं असतं तर मम्मी रडली असती. मग तुम्ही तिला रागावला असता." भोपळ्याकडे बघत तो म्हणाला, "आणि तुम्ही पण रडला असता. म्हणून मी विचारायचंच बंद केलं."

आबा भिंतीला टेकले. गणपतीपासून आजपर्यंत पोरगं शहाणं झालं म्हणून ते जे मिरवत होते, ते हे होतं. आबांपाशी निदान वडगावची नदी होती, चार माणसं होती, तुळजाबाईंचा फोन होता. या सात वर्षांच्या जीवानं बापाचं सुतक एकट्यानं पाळलं होतं, ताटातलं सगळं संपवत, बहिणीला चप्पल घालत. आबांनी त्याला दुःखापासून वाचवलं नव्हतं, दुःखात एकटं सोडलं होतं. हे आबांना त्या घटकेला असं लख्ख कळलं, की मान वर करवेना.

तेवढ्यात दार वाजलं.

"पप्पा!" सायली किंचाळली. दार वाजलं की ती असंच ओरडायची. चादरीत पाय अडकून ती पडली, उठली आणि पुन्हा धावली. आबांना उठायला झालं नाही. रुद्र उठला. दारात शेजारच्या अनिताची दोन पोरं होती, गालाला काळं फासलेली. रुद्रनं फ्रिजवरच्या पुड्यातली दोन चॉकलेटं त्यांना दिली आणि दार लावलं. मग तो सायलीसमोर उकिडवा बसला, तिच्या तोंडावरची चादर सारखी केली.

"पप्पा नव्हते," सायली म्हणाली.

"पप्पा कंपनीत गेलेत ना, गुजरातला," रुद्र म्हणाला. "लई लांब हाय. सुट्टी गावली की येतील."

बोल आबांचे होते. 'लई'सुद्धा त्यांचंच, 'गावली'सुद्धा त्यांचंच. शाळेत शुद्ध बोलणारं पोरगं, पण ही एवढी दोन वाक्यं त्यानं आबांच्या तोंडून जशीच्या तशी उचलली होती आणि आता बहिणीच्या पदरात घालत होता. उद्याही घालेल. ती मोठी होईपर्यंत घालेल. आबांच्यानं ते ऐकवलं नाही. दवाखान्यातलं टेबल त्यांनी सोसलं होतं, हे सोसवेना.

ते उठले. कपाट उघडलं, गोधडी खाली टाकली आणि फोटो घेऊन बाहेरच्या खोलीत आले. हाराला कुबट वास येत होता. त्यांनी जमिनीवर बसकण मारली.

"रुद्रा, बास झालं बाळा. सायली, हिकडं ये. काढ ती चादर. बस माझ्यापाशी."

सायली येऊन मांडीवर बसली आणि फोटो बघून खूश झाली. "पप्पा!"

"व्हय. पप्पा." आबांनी श्वास घेतला. "तुझं पप्पा गुजरातला न्हाईत गं. म्या खोटं बोललो. तुझ्या पप्पांना गाडीनं उडवलं. ते मेले. आता ते येनार न्हाईत. दार कितीबी वाजलं तरी न्हाई."

सायलीला किती कळलं कुणास ठाऊक. ती फोटोवरची धूळ बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, "उद्या पण नाही?"

"उद्या बी न्हाई."

स्वयंपाकघरात सुलक्षणा मटकन खाली बसल्याचा आवाज आला, आणि मग तिचा आवाज. अकरा महिने पोरांसमोर दाबून धरलेला. भोपळ्याला डोकं टेकून ती मोकळं रडत होती. आबांनी तिला गप्प केलं नाही. ओट्यावर तिचा फोन टुणटुण वाजत होता, वर्गातल्या पोरांचे हसरे फोटो येत होते.

रुद्र अजून दारापाशीच उभा होता. एकदा आईच्या आवाजाकडे, एकदा आबांकडे बघत. खालचा ओठ त्यानं दातांत घट्ट धरला होता. कितीतरी वेळानं त्यानं तो सोडला.

"आबा," त्यानं हळूच विचारलं, "आता चालेल का रडलेलं?"

आबांनी सायलीला एका मांडीवर सरकवलं आणि त्याच्याकडे हात पुढं केला.