झाकणाखालचे अकरा महिने

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो. जुनी म्हटल्याचा मला पूर्वी राग यायचा, आता येत नाही, तेव्हा तुम्ही खुशाल म्हणा. पायांनी चालवायची नव्हे, हाताने चाक फिरवायची मशीन. अंग काळं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, तीही निम्मी पुसली गेली आहे. वरून घालायला एक लाकडी झाकण आहे आणि त्या झाकणाला कुलूप आहे. ते कुलूप नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्याच्यापाशी अडलेली आहे.

मी कारखान्यात कशी तयार झाले ते मला धड आठवत नाही. आठवतो तो आजोबांचा हात. आजोबा शिंपी होते. त्यांच्या दुकानात मी तीस वर्षं राबले. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, लग्नाचे कोट, काय म्हणून शिवलं नाही! गिऱ्हाईक कपडा उलटा करून शिवण बघायचं आणि म्हणायचं, "टाका कसा मोत्यासारखा आहे!" कौतुक आजोबांचं व्हायचं, पण ते रोज संध्याकाळी मला तेलाचे दोन थेंब घालायचे आणि मऊ फडक्याने पुसायचे, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

पुढे आजोबांना सुईत दोरा ओवता येईना. मग त्यांची मुलगी माझ्यासमोर बसू लागली. तिला दोन मुलं. मोठी सहा वर्षांची, तिला सगळे टिकली म्हणतात. धाकटा दोन वर्षांचा, गोल गरगरीत, म्हणून भोपळ्या. आई शिवायला बसली की टिकली टेबलाखाली बसून पडलेली बटणं वेचायची. आजोबांनी तिला उरल्यासुरल्या चिंध्यांचा एक हत्ती शिवून दिला होता. त्याची सोंड डावीकडे वाकडी झाली. तो दोष माझा नव्हे, आजोबांच्या चष्म्याचा.

मग टिकलीच्या बाबांना परदेशात नोकरी लागली आणि घरात सामानाची वजनं सुरू झाली. काटा थोडा पुढे गेला की काहीतरी बाहेर काढायचं. सगळ्यांचं बोट माझ्याकडे. "तिकडे काय मशिनी मिळत नाहीत का?" आईने मात्र ठणकावून सांगितलं, "मशीन येणार नसेल तर मीही येत नाही." मित्रांनो, त्या दिवशी मी लोखंडाची नसते तर रडले असते.

निघायच्या दिवशी आजोबांनी मला शेवटचं पुसलं, झाकण घातलं, कुलूप लावलं आणि लाल दोरा बांधलेली किल्ली आईच्या हातात दिली. "आधी सगळं सामान लावून घे," ते म्हणाले. "हिला सगळ्यात शेवटी उघडायची. हिचं झाकण निघालं की समजायचं, घर लागलं." त्यांच्या वडिलांनीही दुकान हलवताना असंच केलं होतं. आईने किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. हत्तीला काखेत मारून टिकली हे सगळं ऐकत होती.

नवं घर पाचव्या मजल्यावर होतं. तेव्हा मला ते पुरतं दिसलंच नाही. झाकणाच्या किल्लीच्या भोकातून मला जेवढं दिसायचं तेवढंच माझं जग. खिडकीचा एक तुकडा, समोरच्या इमारतीच्या तीन खिडक्या, खुर्चीचा एक पाय आणि लिफ्ट आली की थरथरणारा दरवाजा. सामान लागायला आठवडा गेला. सगळं झाल्यावर आईने हात पुसले, पर्स उघडली, आणि किल्ली नव्हती.

मग जी शोधाशोध झाली ती विचारू नका. गाद्या उलट्या झाल्या, डबे रिकामे झाले, खिसे उलटे झाले. बाबांनी केसांचा आकडा घालून पाहिला, बॅगांच्या किल्ल्या घालून पाहिल्या. मला नुसत्या गुदगुल्या झाल्या.

"तोडू का कुलूप?" बाबांनी विचारलं.

"खबरदार! लाकूड चिरेल. आजोबांना काय तोंड दाखवू?" आई म्हणाली. "सापडेल. मीच कुठेतरी जपून ठेवली असणार. मी आहेच वेंधळी."

ती वेंधळी नव्हती. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. खोलीत कुणी नसताना टिकली आली, भोकाला तोंड लावलं आणि कुजबुजली, "किल्ली माझ्याकडे आहे. तू उघडायचं नाहीस हं. तू उघडली नाहीस की घर लागणार नाही. घर लागलं नाही की आपण परत आजोबांकडे."

घ्या! आता सांगा, मी काय करायचं होतं? मला तोंड नाही. असतं तरी कुणाच्या बाजूने उघडलं असतं, कोण जाणे. अकरा महिने मी त्या अंधारात बसले. अंगातलं तेल सुकलं, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या पट्टीत धूळ साचली आणि चाकाचा दांडा उगाच वर उचललेला राहिला.

पण त्या घरात अडकलेली मी एकटीच नव्हते. बाबा सकाळी कामावर जायचे, टिकली शाळेत. आई आणि भोपळ्या दिवसभर घरात. तिला तिथली भाषा येत नव्हती. खालच्या दुकानात ती बोटाने वस्तू दाखवायची आणि मान हलवून घरी यायची. खिडकीला पडदा नव्हता. कापड आणलेलं होतं, पण शिवणार कशावर? तिने टाचण्यांनी एक चादर लावली होती. चादर सरकवली की टाचण्या निघायच्या, म्हणून ती सरकवायचीच नाही असं ठरलं. भर दुपारी खोलीत दिवा. माझ्या भोकातला खिडकीचा तुकडाही गेला. पडद्याचं कापड घडी करून माझ्याच डोक्यावर ठेवलेलं होतं, आणि भोपळ्या त्यावर बसून घोडा घोडा खेळायचा.

दर रविवारी आजोबांचा फोन यायचा. ते दर वेळी विचारायचे आणि आई दर वेळी विषय बदलायची. एका रविवारी तिला ते जमलं नाही.

"मशीन उघडली का गं?"

"हो बाबा, उघडली ना."

"नीट चालते?"

"अगदी पाण्यासारखी."

मी तिच्यापासून दोन हातांवर कुलूपबंद होते. आजोबा फोनवर मोठ्याने हसले. "मग घर लागलं म्हणायचं! माझा जीव भांड्यात पडला बघ."

थोड्या वेळाने टिकली भोकापाशी आली. या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता. "आई खोटं बोलली," ती म्हणाली. "आणि आजोबांना आनंद झाला. आपलं घर इकडे लागलं तर त्यांना आनंद कशाला होतो?" मला तिची इतकी दया आली!

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या शाळेला सुट्टी होती. भोपळ्या झोपला होता. आई पडद्याचं कापड मांडीवर घेऊन हातानेच शिवत होती. बरीच शिवण झाल्यावर तिने पाहिलं तर टीप तिरकी गेली होती. तिने ती सगळी उसवली. मग कापड बाजूला टाकून ती माझ्या झाकणाला टेकली. तिचा उजवा हात हवेतच गोल गोल फिरू लागला, माझं चाक फिरवावं तसा. "अडकलो गं आपण दोघी," ती मला म्हणाली आणि रडू लागली.

दारात पावलं वाजली. टिकलीने हत्ती आईच्या मांडीवर ठेवला.

"ह्याचा मागचा पाय फाड," ती म्हणाली.

पायातल्या कापसातून लाल दोरा आधी बाहेर आला. आई बघतच राहिली. "अकरा महिने! अगं कार्टे, मी गाद्या उलट्या केल्या! स्वतःला वेंधळी म्हणून घेतलं! आणि हा हत्ती मी तीन वेळा धुवायला मागितला तेव्हा तू आकांत केलास तो ह्यासाठी?"

टिकलीने हुंदके देत सगळं सांगितलं. विमानतळावर भोपळ्याचे कपडे बदलताना आईने पर्स तिच्याकडे धरायला दिली होती, तेव्हाच तिने किल्ली काढून हत्तीच्या पायाच्या उसवलेल्या टाक्यातून आत खोल कोंबली होती. ऐकता ऐकता आईचा राग कुठल्या कुठे गेला.

"मशीन उघडली तर आजोबा तिकडेच राहणार?" टिकलीने विचारलं.

"हो. आणि नाही उघडली तरी तिकडेच राहणार गं."

"आणि आपण?"

"आपण इथे. न उघडताच अकरा महिने राहिलो की."

आईने किल्ली टिकलीच्याच मुठीत दिली आणि हात मागे घेतला. "तुला वाटेल तेव्हा," ती म्हणाली. मित्रांनो, आजवर माझ्यापुढे पुष्कळ जणांनी ताटकळत वाट पाहिली आहे, पण कुठलाच वेळ मला तेवढा लांब वाटला नव्हता. मग भोकातला उजेड एकदम गेला. किल्ली आत आली होती.

झाकण निघालं आणि माझे डोळे दिपले. आईने चाकाला हात लावला, पण चाक हलेना. मी आतून जाम झाले होते. टिकली पांढरीफटक पडली. "मी मारली का तिला?"

"नाही गं. जोर नाही करायचा. तेल दे."

तेलाची बुटकी बाटली माझ्याच खणात होती. आईने तेलाच्या प्रत्येक भोकात दोन दोन थेंब सोडले. मग दोघींनी मिळून चाक थोडं पुढे, थोडं मागे, असं किती वेळ केलं! शेवटी माझ्या पोटात कर्र झालं आणि चाक फिरलं. आवाज मोठा बेसूर होता, पण तो माझा होता.

पहिली शिवण अर्थात हत्तीच्या पायाची. आईने कापूस आत दाबला, तेवढ्यात टिकलीने किल्ली पुढे केली. "ही पण आत घाल. परत जाताना लागेल ना?"

आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "लागेल तेव्हा उसवू," ती म्हणाली, आणि टिकलीला चाक फिरवायला दिलं.

त्या संध्याकाळी पडदा लागला. तो दोरीने सरकतो, हवा तेव्हा उघडतो. आजोबांना फोन करून आईने खरं काय ते सांगितलं. ते रागावले, मग हसले, आणि मग मला रोज तेल घालायला बजावलं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी झाकून ठेवलं असेल, तर त्याच्यावर फुलदाणी मांडू नका. झाकण काढा, धूळ पुसा, तेल घाला. आणि घरातलं एखादं मूल बरेच दिवस गप्प असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याने काय लपवून ठेवलं आहे ते जोर न करता विचारा.

माझं झाकण आता नुसतं वर ठेवलेलं असतं. कुलूप कुणाला लावायचं म्हटलं तरी लावता येणार नाही. किल्ली हत्तीच्या पायात आहे, ती शिवण माझी आहे, आणि माझी शिवण सहजासहजी उसवत नाही.