गिरिजाबाई शिकायला गेल्या तेव्हा

मी होल्डॉल. अंथरूण-पांघरूण गुंडाळून प्रवासाला न्यायचं खाकी कापडाचं लांबट बोचकं, दोन चामडी पट्टे आणि वर एक मूठ, एवढाच माझा देह. पण माझ्या वाट्याला जी माणसं आली, ती फार मोलाची होती. त्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगण्यासाठी आज मी बोलतोय.

माझा जन्म जालन्याचा. स्टेशनच्या रस्त्यावर ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा एक शिंपी होता. त्यानं मला ताडपत्रीच्याच जाड दोऱ्यानं शिवलं, म्हणून माझी शिवण आजवर उसवली नाही. हसनाबादच्या रामराव गुरुजींनी मला विकत घेतलं. १९५५ साल होतं. औरंगाबादला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जायचं म्हणून त्यांनी हा थाट केला होता. पुढच्या वर्षी ते आणि त्यांची बायको गिरिजाबाई, दोघांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच्या पुढच्या वर्षी हिवतापानं गुरुजी गेले.

गिरिजाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. शिक्षण सातवी. मूलबाळ नव्हतं. केदारखेड्याच्या दोन बापांनी पोरींची हसनाबादची शाळा बंद केली, कारण रोज इतक्या लांब पाठवायचं कुणाच्या भरवशावर? बाई चालत केदारखेड्याला गेल्या आणि दोन्ही पोरींना घेऊन आल्या. "माझ्या घरी दोन खोल्या हायेत, मी एकटी हाय," एवढंच त्या बोलल्या. वसतिगृह असं सुरू झालं. त्या दोन पोरींतली एक कौसल्या.

पोरी वाढत गेल्या. मला मात्र प्रवास उरला नाही. माझ्यात जादा गोधड्या भरून मला माळ्यावर टाकलं होतं. थंडी पडली की खाली, होळी झाली की वर. एका उंदरानं माझा कोपरा कुरतडला तेही कुणाला कळलं नाही. माळ्यावरून सगळं दिसायचं. पहाटे बाई उठायच्या, पोरींना उठवायच्या, कोठी उघडून पीठ काढून द्यायच्या. संध्याकाळी वंदना झाली की एकेकीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. बहात्तरच्या दुष्काळात पोरींची संख्या चाळिसावर गेली. गावचे शेतकरी अण्णासाहेब वसतिगृहाच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या विहिरीत थोडं पाणी होतं, ते बैलगाडीनं वसतिगृहाला यायचं. आपल्या बैलांना त्यांनी कमी पाजलं, पोरींना नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं. अण्णासाहेब ते अंगणात बाजेवर बसून मोठ्यानं वाचत होते. पंधरा वर्षांहून जास्त काळ समाजाचं काम केलेल्या माणसांना सहा महिने अभ्यासवृत्ती. राहायचं, जेवायचं तिथंच. दुसऱ्यांच्या संस्था बघायच्या, वाचायचं, आपल्या कामाचा निवांत विचार करायचा.

"ही नोकरी हाय का?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मंग परीक्षा?"

"ती बी न्हाई."

"मंग सहा महिने मी तिथं करू काय?"

"शिकायचं. तुमाला काम येतं म्हणूनच बोलावून राह्यले ते."

बाई हसल्या आणि पत्र डब्याखाली सरकवून दिलं. पण अण्णासाहेबांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी फॉर्म भरायला बसल्या. नाव, गाव, काम, सगळं बराबर लिहिलं. शेवटच्या प्रश्नाशी पेन अडलं. 'तुमच्या गैरहजेरीत काम कोण पाहील?'

ती जागा आठ दिवस कोरी राहिली.

कौसल्या तेव्हा वसतिगृहातच होती. मॅट्रिक झाली, लग्न झालं, नवऱ्यानं टाकली आणि ती परत आली ती कायमची. पंचवीस वर्षांची बाई, पण गिरिजाबाईंच्या लेखी अजून तीच केदारखेड्याची पोर. कोठीची किल्ली त्यांनी कधी तिच्या हातात दिली नव्हती.

"कौसल्येचं नाव लिवा," अण्णासाहेब म्हणाले.

"तिला जमंल?"

"तुमाला जमल्तं तेव्हा तुमचं वय काय होतं?"

बाईंनी नाव लिहिलं. त्याच दिवशी मला माळ्यावरून खाली काढलं, झटकलं, उन्हात घातलं. माझा कुरतडलेला कोपरा बघून बाई म्हणाल्या, "अगं बाई, गुरुजी असते तर रागावले असते." कौसल्येनं तिथं ठिगळ लावलं.

पुण्यात बाराजण होते. कुणी डॉक्टर, कुणी वकिली सोडून आलेला. अकोल्याकडचे बद्रीनाथ नावाचे एक गृहस्थ मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा चालवायचे. ते कमी बोलायचे आणि हातवारे जास्त करायचे, सवयीनं. गिरिजाबाईंची आणि त्यांची लगेच गट्टी जमली. बाकीच्यांच्या पुढ्यात बाई गप्प. खोलीवर आल्या की माझ्यावर टेकून बसायच्या आणि पुटपुटायच्या, "कुठं येऊन पडले मी."

शिकवायला कालिंदीताई होत्या, पिकल्या केसांच्या, हळू आवाजाच्या. बाई रोज खोलीत आल्या की दिवसभराचं सगळं स्वतःशीच पुन्हा बोलायच्या, म्हणून मलाही कळायचं. पहिल्याच आठवड्यात कालिंदीताईंनी सगळ्यांना एक काम दिलं. आपल्या संस्थेचा एक दिवस सांगायचा, पण त्यात 'मी' हा शब्द यायला नको.

गिरिजाबाई उभ्या राहिल्या. "मी पाचला उठते," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात केली. "पोरींना मी..." पुन्हा थांबल्या. "कोठी मी..."

कुणी हसलं नाही. कालिंदीताईंनी विचारलं, "आणि एखाद्या दिवशी तुम्ही उठला नाहीत तर?"

"मी उठते," बाई म्हणाल्या. "सोळा वर्षं उठले."

त्या रात्री खोलीवर आणलेल्या ताटाला त्यांनी हात लावला नाही. राग आला होता. आपल्या कष्टाला कुणी नाव ठेवलं असं त्यांना वाटलं. बद्रीनाथ दारात येऊन म्हणाले, "ताई, माझ्याच्यानंही सांगवलं नाही. माझ्या तोंडून तर 'मी' तुमच्याहून जास्त वेळा निघालं." तेव्हा कुठं त्यांनी ताट जवळ ओढलं.

हळूहळू जीव रमला. त्या दुसऱ्यांची वसतिगृहं बघून आल्या. एका ठिकाणी मुलीच स्वयंपाकाच्या पाळ्या ठरवतात, याचं त्यांना फार नवल वाटलं. वही भरत गेली. अक्षर मोठं, ओळी तिरक्या, पण रोज दोन पानं.

तिसऱ्या महिन्यात कौसल्येचं पत्र आलं.

बाईंनी उभ्यानंच उघडलं. 'कावीळ' हा शब्द दिसला आणि पुढचं दिसेनासं झालं. नऊ पोरी आजारी. बेबीनंदा नावाची आठ वर्षांची पोर औरंगाबादच्या दवाखान्यात. बाईंनी भराभर मला भरायला घेतलं. साड्या कशाबशा कोंबल्या, वही विसरली, ती परत येऊन घेतली, पट्टे इतके आवळले की बक्कल तिरकं झालं. कालिंदीताईंना सांगायला गेल्या. ताईंनी अडवलं नाही. म्हणाल्या, "जा. निकड असेल तर जायलाच हवं. पत्र मात्र एकदा पूर्ण वाचा."

दुपारची गाडी होती. बद्रीनाथ मला खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत आले. फलाटावर बाकं भरलेली, म्हणून बाई माझ्यावरच बसल्या आणि पत्र बाहेर काढलं. चष्म्याची काच पदरानं पुसली, पण वाचवेना. त्यांनी ते बद्रीनाथांकडं दिलं.

बद्रीनाथ सावकाश वाचू लागले. 'बाई, शि. सा. नमस्कार. पोरींना कावीळ झाली. गावच्या विहिरीचं पाणी बंद केलं. अण्णासाहेबांच्या मळ्यातून आणून उकळून देऊन राह्यले. भोकरदनचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. आजारी पोरी तुमच्या खोलीत ठेवल्या, तुमची परवानगी न्हाई घेतली, माफ करा. चार पालक न्यायला आल्ते. त्यांना बसवून समजावलं, दोघं थांबले, दोघं घेऊन गेले. बेबीनंदाजवळ मी सोता राह्यते. मी तिकडं असले की इकडं मोठ्या पोरी सांभाळून घेतात. तुमाला कळवायचं म्हणून कळवलं. तब्येतीला जपा. तुमची कौसल्या.'

बद्रीनाथांनी घडी घातली. "ताई, यात 'या' असं कुठं लिहिलेलं नाही."

"पोर मरणाच्या दारात हाय."

"हो. मग तुम्ही जाऊन काय कराल?"

"पाणी उकळून..." बाई बोलू लागल्या. "डॉक्टरला..." जे जे करायचं, ते सगळं त्या पत्रात आधीच होऊन बसलं होतं.

गाडी लागली. माणसं चढली. बाई बसूनच होत्या. त्यांचं सगळं वजन माझ्यावर होतं. गाडी हलली तेव्हा त्या रडल्या. "खरं सांगू का भाऊ," त्या म्हणाल्या, "पोरीची काळजी हायेच. पण माझ्यावाचून चाललंय, ते जास्त लागलं. लाज वाटती सांगायला."

बद्रीनाथांनी मला उचललं आणि दोघं तारऑफिसात गेले. बाईंनी तार केली: 'कौसल्या तू ठरव. तुझ्या निर्णयाला माझी संमती.'

पुढचे अकरा दिवस बाईंनी कसे काढले ते मी पाहिलंय. पोस्टमनच्या वेळेला त्या फाटकाशी उभ्या असायच्या. आपण थांबलो हे चुकलं तर, हा विचार त्यांना सोडत नव्हता, आणि तो खोटाही नव्हता. बाराव्या दिवशी कार्ड आलं. बेबीनंदा वाचली होती. पेज पिऊन गूळ मागते, असं लिहिलं होतं. बाईंनी ते कार्ड सगळ्या बाराजणांना वाचायला दिलं, तिथल्या स्वयंपाकीणबाईंनासुद्धा.

जानेवारीत आम्ही परत आलो. एसटीच्या थांब्यावर सगळ्या पोरी आल्या होत्या. बेबीनंदानं माझी मूठ धरली आणि जमिनीवरून ओढत नेलं.

घरात मात्र बरंच बदललं होतं. मुलींच्या पाळ्या कौसल्येनं आपल्या मनानंच लावल्या होत्या. पाण्याच्या पिंपाला तोटी होती. बाईंची बाज दुसऱ्या खोलीत. पुण्याच्या वहीत लिहिलेलं निम्मं इथं न सांगता घडलं होतं. बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण पहिल्या दिवशी त्यांनी बाज जागेवर आणली, दुसऱ्या दिवशी कोठीची किल्ली कमरेला लावली, तिसऱ्या दिवशी पाळ्यांचा कागद भिंतीवरून काढला.

चौथ्या दिवशी कौसल्या त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "बाई, तुमी आल्या, लई बरं वाटलं. पण आता मी काय करू, तेवढं सांगा. पुन्हा चुलीपाशी जाऊ का?"

बाईंनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मला वाटतं, केदारखेड्याची पोर त्यांना त्या क्षणी मोठी दिसली. त्यांनी किल्ली काढून तिच्या हातात ठेवली आणि पाळ्यांचा कागद स्वतः खळ लावून पुन्हा चिकटवला. थोडा वाकडा लागला.

समितीच्या बैठकीत त्यांनी कौसल्येला अधीक्षक करा म्हणून सांगितलं. अण्णासाहेब चमकले. "बाई, तुमच्या नावावर लोक पोरी पाठवतात."

"तेच तर बदलायचंय," बाई म्हणाल्या. "नावावर कशाला, जागेवर भरवसा ठेवू द्या की. आन् मी काय घरी बसून न्हाई राह्यले. शहागडला गोदाकाठच्या मजुरांच्या पोरी हायेत. तिथं जाते." मग म्हणाल्या, "आजून एक. दरसाल इथल्या एकाला बाहेर शिकायला पाठवायचं. काम करून थकल्यावर न्हाई, चांगलं चालू असताना."

ठराव झाला. तेव्हापासून मला माळा माहीत नाही. गिरिजाबाईंबरोबर शहागडला गेलो. कौसल्येबरोबर नागपूरला. अण्णासाहेबांबरोबरही एकदा, पाणलोटाचं काम बघायला, तेव्हा त्यांनी माझ्यात अडकित्ता आणि सुपाऱ्या ठेवल्या आणि त्या रात्रभर मला टोचत राहिल्या.

आता १९७९ साल आहे. माझा रंग उडालाय, एक पट्टा सुतळीचा आहे. आज पाळी कांताबाईंची, वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंची. वय बावन्न. आजारी मुलांच्या आहाराचं शिक्षण घ्यायला त्या औरंगाबादला निघाल्यात. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून सांगितलेलं सगळं पाठ करून आणायचं त्यांनी ठरवलंय. जालन्याच्या फलाटावर त्या माझ्यावर बसल्यात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं घाबरून बघताहेत.

वाचकहो, अशी एखादी बाई तुमच्या डब्यात चढली तर थोडं सरकून जागा द्या. घरचं कोण बघतंय, हे तिला सगळेच विचारतात. तुम्ही तिला विचारा, काय शिकायला निघालात?

गाडी आली. कांताबाईंनी पदर खोचलाय आणि माझी मूठ दोन्ही हातांनी धरली आहे. बरं, येतो.