काट्यावरचं दुपटं

मी काटा. पायात रुततो तो नव्हे, तान्ह्या बाळांचं वजन करतो तो. पण रुतलो मीही आहे, आणि तेच सांगायला बसलोय.

कारखान्यात मला पत्र्याची परात, एक स्प्रिंग आणि काळी सुई मिळाली. मन मिळालं नाही. कामाला ते लागत नव्हतं. पुढे बरीच वर्षं एका दवाखान्यात काढली. तिथली बाळं माझ्यावर ठेवली की कोकलायची, काही तर शूचा पाटच सोडायची. मी आकडा दाखवून गप्प बसायचो. मग तिथे बटणांचा काटा आला आणि मला एका सासूबाईंनी घरी नेलं. सुनेला पहिलं बाळ झालं होतं.

"मनात शंका नको गं, रोज बघत जाऊ," सासूबाई म्हणाल्या. हेतू सोन्यासारखा होता. शंका माझ्याच पिशवीतून घरात आली.

बाळाला गार पत्रा लागू नये म्हणून त्या माझ्यावर दुपटं घालायच्या. सून पाजायच्या आधी वजन करी, पाजून झालं की पुन्हा करी. पिताना बाळ आईच्या तोंडाकडे बघायचं आणि आई माझ्या सुईकडे. बाळाचे बाबा कामावरून फोन करायचे, "काय म्हणतोय काटा?" शेजारीण विचारायची, "पुरतंय ना गं अंगावरचं?" बाळंतिणीची चौकशी सगळे माझ्याकडेच करत.

एका सकाळी सुई मागे सरकली. सून न्हाणीघरात गेली, नळ सोडून रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मला दूधच नाही. डब्याचं आणा. त्याचं तरी पोट भरू दे."

मला कारण माहीत होतं. पण माझं काम आकडा दाखवण्याचं, खाली काय अंथरलंय ते सांगण्याचं नाही.

दुपारी सासूबाईंनी वाळलेले कपडे आणले आणि जागा नव्हती म्हणून माझ्यावरच टाकले. घड्या करता करता शेवटी उरलं ते नेहमीचं जाड लोकरी दुपटं. सुई चांगली पुढे होती. सासूबाई थबकल्या. सकाळी हे दुपटं धुण्यात होतं, म्हणून त्यांनी पातळ फडकं घातलं होतं.

"अगं, इकडे ये! पोराचं नाही, दुपट्याचं वजन घटलंय!"

लोकरी दुपट्यावर बाळाला पुन्हा ठेवलं. पठ्ठ्याने चांगलं अंग धरलं होतं. सून हसली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली. "मला वाटलं, मीच कमी पडतेय. रोज डोळे उघडले की आधी तेच वाटतं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "आणि मी काट्याला विचारत बसले. तू कशी आहेस, बाई?"

सुनेने डोळे पुसले. ती म्हणाली, "भूक लागलीय."

सासूबाईंनी ताट वाढलं. बाळ पीत होतं, ती एका हाताने जेवत होती.

आता मी माळ्यावर असतो. बाळाचं वजन डॉक्टर करतात, ठरल्या वेळी. माझी तक्रार नाही. मागणं एवढंच, की बाळंतीण भेटली तर आधी तिला विचारा. मी कितीतरी बाळं तोलली. पण त्या बाईच्या मनावर केवढं ओझं होतं, आणि त्याने माझी सुई गुंजभरही हलली नाही.