कोपऱ्यातल्या बाईचा निरोप

मी टीव्हीखालचा डबा बोलतोय. खोक्यावर माझं नाव सेट टॉप बॉक्स असं भारदस्त छापलेलं होतं, पण या घरात त्या नावानं मला कोणी कधी ओळखलं नाही. "डबा बंद कर", "डबा तापलाय", "डब्यावर कप ठेवू नको", एवढाच काय तो माझा मान. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सध्या मी माळ्यावर, जुन्या चादरींच्या गाठोड्याला टेकून पडलोय. उद्यापरवा भंगारात जाईन. पण एक निरोप माझ्याकडे राहून गेलाय आणि तो ज्याचा त्याला पोचवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलांपाशी तोंडाला फडकी बांधून बसलेल्या मुलींनी माझे तुकडे जोडले, पाठीवर आकडे चिकटवले आणि मला खोक्यात कोंबलं. तिथून दुकान. दुकानदारानं या घरच्या भावाला सांगितलं, "एकदा घेतला की झालं. फुकटच्या वाहिन्या, जन्मभर बघा." कोणाच्या जन्मभर, हे विचारायचं भावाला सुचलं नाही. दुकानदारालाही ते माहीत नसावं.

घर दोन खोल्यांचं. भाऊ पुठ्ठ्याच्या कारखान्यात खोकी कापायच्या मशीनवर कामाला. त्याची बायको घर सांभाळते आणि उरलेला वेळ माहेरच्यांशी फोनवर बोलते. आणि ताई. भावाची मोठी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. एका शिंप्याकडचे शर्ट घरी येतात, त्यांना ती खिडकीपाशी बसून काजं करते, बटणं लावते.

गल्लीत तिला मुकी म्हणतात. हे मला कधीच पटलं नाही. अख्ख्या घरात सगळ्यात बोलकी तीच. फक्त तिचं बोलणं हातात आहे, आणि हात दिवसभर सुईला जुंपलेले.

मी आलो तेव्हा आई होती. "पोरगी रस्त्यात हरवेल" या धास्तीनं आईनं ताईला शाळेत कधी घातलं नाही, त्यामुळे तिला अक्षरं येत नाहीत. पण दोघींनी मिळून आपल्या खुणा बनवल्या होत्या. त्या खुणांनी त्या शेजारणीची टिंगल करायच्या, भाजी महाग झाली म्हणायच्या, कडाकडा भांडायच्यासुद्धा. भांडण हाताबाहेर गेलं की ताई डोळे गच्च मिटून घ्यायची. मग आई कितीही हात नाचवो, तिचं बोलणं तिथंच बंद. मला हसू यायचं. मी हसलो की माझा दिवा जरासा लुकलुकतो, पण ते कोणाच्या लक्षात येत नसे.

मग आई गेली, आणि घर एकदम गप्प झालं. म्हणजे बोलणं चालूच होतं, फक्त ताईशी कोणी बोलेना. भावाला तीन खुणा यायच्या: जेव, झोप, दार लाव. वहिनीला दोनच. ताई काही सांगायला लागली की दोघं मान हलवायची. हो, हो. एकदा तिनं सांगितलं, गॅसवरचं दूध उतू चाललंय. वहिनीनं हसून मान हलवली आणि फोनवर बोलत राहिली. दूध गेलं ते गेलंच, वर भांडं घासायला ताईच बसली. वाईट माणसं नाहीत ती. दमलेली आहेत. पण दमलेल्या माणसाच्या मानेला ही सवय लागली की ती सुटत नाही.

अशात एका संध्याकाळी भाऊ वाहिन्या पुढे ढकलत होता आणि एका छोट्या वाहिनीच्या बातम्या लागल्या. खाली उजव्या कोपऱ्यात एका गोलात एक बाई उभी होती. काळा कुडता, मागे घट्ट बांधलेले केस, आणि भराभर चालणारे हात. ताई उठली तशी तिच्या मांडीवरची बटणं खोलीभर पळाली. ती टीव्हीच्या इतकी जवळ गेली की भावाला काही दिसेना.

बाईच्या खुणा आईच्या खुणांसारख्या नव्हत्या. ताई रोज बसून त्या शिकली. बाई वादळ म्हणाली की मागच्या चित्रात झाडं पडलेली दिसायची, संप म्हणाली की बंद दारं दिसायची. असं जुळवत जुळवत तिला सगळं कळायला लागलं. एकदा ती अचानक उठून घरातली सगळी पातेली पाण्यानं भरायला लागली. वहिनी वैतागली. दुसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले, तेव्हा वहिनी शेजारणीला सांगत होती की मुक्या माणसांना आतून कळतं. आतून कसलं कळतंय. बातम्यांत सांगितलं होतं.

बातम्यांची वेळ झाली की ताई सुई शर्टाच्या कॉलरला खोचायची, हात पदराला पुसायची आणि जमिनीवर येऊन बसायची. हात मोकळे हवेत ना, बोलायचं म्हणजे. बाई सांगायची आणि ताई तिला उत्तरं द्यायची. मंत्र्याला नावं ठेवायची, अपघाताची बातमी आली की "अरेरे" म्हणायची. शेवटी बाई "उद्या भेटू" ही खूण करायची, ताईही करायची. तिच्या दिवसातलं सगळं बोलणं तेवढ्या वेळात व्हायचं.

आता या घरची एक रीत सांगतो. ताईच्या बातम्या लागल्या की टीव्हीचा आवाज बंद. "तिच्या बातम्यांना आवाज कशाला?" असं भाऊ म्हणायचा, आणि त्यात त्याला काही चुकीचं वाटत नव्हतं. वहिनीचे फोनही तेवढ्यात उरकायचे. पण टीव्ही गप्प केला तरी माझ्या पोटात आवाज येतोच. त्यामुळे झालं काय, की निवेदकाचे शब्द आणि बाईचे हात दोन्ही माझ्याकडे एकदम यायचे. वर्षानुवर्षं ऐकून बघून मीही ती भाषा शिकलो. घरात ती भाषा येणारे आम्ही दोघंच.

पुढं निवेदक स्वतःच्याच वाहिनीच्या बातम्या सांगायला लागला. कंपनी कर्जात बुडाली, दिवाळं निघालं, प्रकरण कोर्टात गेलं. मग विक्री झाली. एका मोठ्या कंपनीनं इमारत घेतली, कॅमेरे घेतले, वाहिनीचं नाव घेतलं, आकाशात उपग्रहावर तिची जी जागा होती तीही घेतली. माणसं मात्र घेतली नाहीत. बाईनं हे सगळं हातांनी सांगितलं. ताईला कळलं की कोणाची तरी कंपनी विकली गेली. ती बाईच त्या कंपनीत नोकरीला आहे, हे तिच्या डोक्यात आलं नसावं.

शेवटच्या दिवशी ताई घरात नव्हती. शाळा उघडायच्या होत्या, गणवेशांची घाई होती, आणि शिंप्याचा फोन आला म्हणून वहिनीनं तिला गठ्ठा देऊन पिटाळलं. बातम्या लागल्या. भाऊ एकटाच समोर जेवत बसला होता, मॅच सुरू व्हायची वाट बघत. सवयीनं त्यानं आवाज बंद केला.

निवेदक म्हणाला, उद्यापासून आम्ही नसू. मग तो उठून गेला आणि पहिल्यांदाच बाई गोलातून बाहेर आली. अख्ख्या पडद्यावर ती एकटी.

तिच्या हातांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो. "आमची वाहिनी विकली गेली. उद्या मी दिसणार नाही. मला काही झालेलं नाही, मी बरी आहे. तुमच्यातले पुष्कळ जण घरात एकटे आहात, मला माहीत आहे. या शहरात असाल तर जुन्या टपाल कचेरीच्या मागं बहिऱ्यांची शाळा आहे, तिथं या. दर रविवारी सकाळी मी तिथं बसेन. लिहिता येत नसलं तरी या. मी वाट बघते."

हे ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा अगदी सावकाश.

भाऊ घास चावत बघत होता. "आज बाई मोठी दिसतेय गं," तो आतल्या खोलीकडे बघून म्हणाला, आणि मॅच लावली. थोड्या वेळानं ताई धापा टाकत आली. चपलाही न काढता ती टीव्हीसमोर उभी राहिली. पडद्यावर हिरवं मैदान होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या वाहिनीच्या आकड्यावर निळा पडदा आणि "सिग्नल नाही". भावाला वाटलं वाऱ्यानं डिश हलली. तो गच्चीवर चढला, डिश इकडे फिरव, तिकडे फिरव, आणि होत्या त्या चार वाहिन्याही घालवून बसला. शेवटी डिशवाला आला. डिश पहिल्यासारखी करून तो म्हणाला, "तुमचं काही बिघडलेलं नाही. ती कंपनीच बुडाली. फुकटच्या होत्या त्या गेल्या समजा." भावानं ऐकलं, वहिनीनं ऐकलं, मी ऐकलं. ताई दारात उभी राहून तिघांच्या तोंडांकडे बघत होती.

डिशवाला गेल्यावर तिनं भावाची बाही ओढली. पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि खुणेनं विचारलं, बाई आजारी आहे का? भावानं मान हलवली. मग तिनं आई गेली तेव्हाची खूण केली, दोन्ही तळवे छातीवर ठेवून डोळे मिटले, आणि पुन्हा त्याच्याकडे बघत राहिली. बाई मेली का, असं ती विचारत होती.

भाऊ कामावर निघाला होता, एक पाय बुटात होता. त्यानं मान हलवली. हो, हो.

मी ओरडलो असतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज पोचवले, माझा स्वतःचा एक शब्द मला काढता आला नाही.

ताईनं त्या दिवशी काजं केली नाहीत. जेवलीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वहिनी फोनवर बहिणीला सांगत होती की टीव्हीसाठी रुसून बसल्यात, लहान मुलांसारख्या. मला तिचा फार राग आला. रडणं आवाज न करता झालं तर या घरात ते रडणं धरतच नाहीत.

भावाला मात्र राहवेना. त्यानं पदरमोड करून नव्या कंपनीची जोडणी घेतली, त्यांचा नवा डबाही आला. त्यावर ताईची वाहिनी होती. नाव तेच, रंग तेच, आत गाण्यांची स्पर्धा. कोपरा रिकामा. भावानं मोठ्या कौतुकानं ताईला समोर बसवलं. ती बघत राहिली. मग उठली, ओलं फडकं आणलं आणि पडद्याचा तो उजवा कोपरा सावकाश पुसला. तळवे छातीवर ठेवले, डोळे मिटले, आणि शर्टांपाशी जाऊन बसली.

"बघ," भाऊ बायकोला म्हणाला, "गेला की नाही रुसवा? टीव्ही पुसतेय."

त्याच दिवशी माझी वायर निघाली. इथं माळ्यावरून खालचं थोडंसं दिसतं. ताई काजं करते, काम पहिल्यापेक्षा जास्तच उरकते. संध्याकाळ झाली तरी सुई कॉलरला खोचत नाही. काही सांगायला आता ती हातच उचलत नाही. भाऊ म्हणतो, ताई हल्ली शहाणी झाली.

कोणी ऐकत असाल तर माझं एक काम करा. बाई जिवंत आहे. जुन्या टपाल कचेरीच्या मागं, रविवारी सकाळी, ती वाट बघत बसते. तुम्हाला हे ताईला हातांनी सांगता येत नसेल, तर तिचा हात धरा आणि तिला तिथं घेऊन जा. वाटेत ती काहीतरी विचारेल. नाही कळलं तर नाही कळलं असं दाखवा, पण मान हलवू नका.