डाव्या पायाला काम

वुर्यानीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला वर्ष होत आलं होतं. वारं जाताना तिची गाडीही घेऊन गेलं. म्हणजे गाडी काही वाऱ्यानं नेली नाही, मुलानं विकली, ती दवाखान्यात पडून होती तेव्हा. मलांग शहराच्या स्टेशनपासून बाजारापर्यंत ती निळी वडाप तिनं लग्नानंतर लगेच हाकायला घेतली होती, आणि नवरा गेल्यावर तर ती गाडीच घरातला कर्ता पुरुष होती. ती घरी परतली तेव्हा अंगणात गाडीच्या जागी तेलाचा काळा डाग होता आणि डागावर कपडे वाळत घालायची नवी दोरी.

"आई, आता आराम कर," प्रसोजो म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेला मुलगा वाईट मुलापेक्षा जास्त नडतो.

आरामाचं म्हणाल तर तो डाव्या पायानं फारच मनावर घेतला होता. भात खायचा, तेल चोळून घ्यायचा, आणि चालायची वेळ आली की रुसलेल्या जावयासारखा मागं राहायचा.

ऑगस्ट उजाडला तशी गल्लीत सतरा तारखेची लगबग सुरू झाली. सतरा ऑगस्ट हा तिथला स्वातंत्र्यदिन, आणि स्पर्धा दरवर्षी त्याच: दोरीला टांगलेला पापड हात न लावता खायचा, पोत्यात पाय घालून पळायचं, चमच्यात गोटी घेऊन चालायचं. यंदा पोरांनी नवं काढलं. गल्लीच्या सभागृहात मोठा पडदा लावून गाड्यांच्या शर्यतीचा गेम. तरुण मंडळाची पुढारी होती नस्तिती. कॉलेजात शिकणारी पोरगी, पण आवाज भाजीवालीचा.

नावं लिहायच्या सभेत वुर्यानीकाकूंची, म्हणजे तिथल्या भाषेत बु वुरची, पाळी आली.

"बु वुर, तुम्हाला पापडात घालू ना? बसूनही खाता येतो."

"पापड मी घरीही बसूनच खाते. मला गाडीत घाल."

सगळी सभा हसली. गल्लीचे प्रमुख पाक सुमित्रो, म्हणजे सुमित्रोराव, यांनी घसा खाकरला. त्यांनी घसा खाकरला की समजायचं, आता काहीतरी शहाणपणाचं येणार. "बु वुर, ती शर्यत पोरांची आहे हो."

"पोरांना शाळेत कोण सोडायचं पाक सुमित्रो? तुमच्या दोन्ही मुली माझ्याच गाडीत बसायच्या. धाकटी तर पुढच्या सीटवर ओकायचीसुद्धा."

धाकटी तिथंच बसली होती. वुर्यानीचं नाव गाडीत पडलं.

सरावाच्या दिवशी मात्र फजिती झाली. मंडळाचं स्टीअरिंग होतं जत्रेतल्या खेळण्यासारखं हलकं, आणि खाली दोनच पेडल. ब्रेकवर पाय ठेवला की टोफूवर पाय पडल्यासारखं वाटे. वुर्यानी सुटली तर बरी, पण पहिल्याच वळणावर कुंपणापाशी माणसं उभी दिसली आणि तिचा उजवा पाय आपसूक ब्रेकवर गेला. मागून येणारी गाडी धाडकन आदळली.

"बु, थांबलात कशाला?" नस्तिती ओरडली.

"माणसं उभी होती ना."

"ती चित्रातली आहेत!"

"हात करत होती."

मग जे हसणं सुरू झालं ते पार दारापर्यंत गेलं, आणि दारात नेमका प्रसोजो उभा होता. वर कुणीतरी शिकवलंही, की ह्या खेळात उजवा पाय वेगाला आणि डावा ब्रेकला ठेवायचा, तरच निभाव लागतो. तिनं डाव्या पायाकडे पाहिलं. पायानं दुसरीकडे पाहिलं.

घरी येताना प्रसोजो म्हणाला, "लोक हसतात आई."

"वडाप चालवायचे तेव्हा काय हार घालायचे?"

"मला नाही बघवत."

"मग बघू नकोस. मी माझं सामान आणते. ज्यानं त्यानं आपलं आणलेलं नियमात बसतं."

यंदाची भिशी तिला लागली होती. त्या पैशात फ्रिज यायचा हे घरात न बोलता ठरलेलं होतं. तिनंही न बोलताच बेत बदलला, आणि दुसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या लिएमच्या, गेमचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन उभी राहिली. प्रसोजो मागोमाग आला, कारण आई एकटी गेली असती तर वाटेत पडली असती, आणि न पडता गेली असती तर आणखी काय घेऊन आली असती कोण जाणे.

को लिएम, म्हणजे लिएमदादा, जाडजूड, टकला, बोलका माणूस. त्यानं तिला नीट खुर्ची दिली.

"आईला हलकं काहीतरी द्या," प्रसोजो म्हणाला. "पाय अधू आहे."

"पाय माझा आहे," वुर्यानी म्हणाली. "काय काय आहे ते सगळं दाखवा."

पहिलं स्टीअरिंग प्लास्टिकचं होतं. फिरवलं की आत दातेरी चाकं खडखडत. "याच्यात काय खडे पडलेत का?" तिनं विचारलं. दुसरं पट्ट्यावर फिरायचं. ते गुळगुळीत होतं, पण हातात काही सांगत नव्हतं. चावडीवरच्या कारकुनासारखं नुसतं हो हो करायचं. तिसऱ्याच्या पोटात थेट मोटर होती. लिएमनं पडद्यावर गाडी सुरू करून दिली. वळणावर स्टीअरिंगनं तिच्या हाताला असा हिसडा दिला की तिनं दचकून हात काढले.

"हे बिघडलंय."

"बिघडलेलं नाही बु. रस्ता सांगतोय. चाक घसरलं की तुम्हाला कळतं."

तिनं पुन्हा धरलं. डावा हात सुटला, पुन्हा बसला. खड्डा आला. तळहातातून खांद्यापर्यंत काहीतरी ओळखीचं चढलं. स्टेशनमागच्या रस्त्यावर असाच एक खड्डा होता. नगरपालिका बदलायची, तो बदलायचा नाही. वुर्यानीनं गाडी मागं घेऊन तोच खड्डा पुन्हा घेतला. प्रसोजोला ते लक्षण काही बरं वाटलं नाही.

"हे," ती म्हणाली. "आता पेडल."

लिएमनं मऊ स्प्रिंगची जोडी पुढं केली. "तुमच्यासाठी हीच बरी. लहान मूलही दाबेल."

"मग लहान मुलाला द्या. ते जाड लोखंडी काय आहे?"

"ते कडक आहे बु. त्याचा ब्रेक आत जातच नाही म्हणा ना. किती खाली गेला ते तो बघत नाही, किती जोर लावला ते बघतो."

तिनं उजवा पाय ठेवून दाबलं. ब्रेक हलला नाही. तिनं आणखी दाबलं, दात खाऊन दाबलं, तेव्हा पडद्यावरची गाडी जागच्या जागी बसली. "हा ब्रेक," ती म्हणाली. "समोरून कुणी विरोधच केला नाही तर थांबल्यासारखं वाटत नाही मला. आणि याला तिसरं पेडल आहे का?"

"क्लच? येतो जोडून. पण लागत नाही. स्टीअरिंगमागं पट्टी आहे, बोटानं गिअर पडतो. आता कुणी क्लच मारत नाही."

"मी मारते."

"आई!" प्रसोजो जवळजवळ ओरडलाच. "क्लच डाव्या पायाचा!"

"माहितीये मला. तुझ्या जन्माच्या आधीपासून माहितीये. वर्षभर नुसता बसून खातोय तो पाय. त्याला काम नको? आणि गिअरचा दांडा पण द्या."

लिएमनं दांडा आणून खुर्चीच्या उजव्या हाताला लावून दाखवला.

"हे कुठल्या देशात? इकडं लावा. डावीकडं."

"डाव्या हातानं..." लिएमनं प्रसोजोकडे पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघता? गाडी तो चालवणार आहे का? आणि हॉर्न कुठंय?"

"शर्यतीत हॉर्न नसतो बु."

"मग लोकांना कळायचं कसं, आपण आलो ते?"

लिएमनं डोकं खाजवलं आणि एका बटणावर हॉर्न बसवून दिला. दुकान चालवायचं तर माणसाला कुठंतरी हार मानावी लागते.

घरी आल्यावर मायलेकांचं जुंपलं. शेवटी प्रसोजोनं अट घातली: "सतराला शर्यत पुरी केलीस, तर ठेव सामान. मधेच सोडलीस, तर परत. आणि पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही."

"कबूल."

"खोकं नीट ठेव. परत द्यायला लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या खोक्यात पेंढा घातला आणि खुडूक कोंबडी बसवली. प्रसोजो कामावरून आला तर कोंबडी त्याच्याकडे बघून फुलली.

"अंड्यांवर बसलीये," वुर्यानी म्हणाली. "उठवायची हिंमत असेल तर उठव."

सराव तिनं घरातल्या लाकडी दिवाणावर बसून केला. दिवाणामागं भिंत होती, त्यामुळं ब्रेक कितीही जोरानं दाबला तरी दिवाण जागचा हलायचा नाही. डावा पाय पहिल्या दिवशी क्लचवर चढेचना. ती त्याला हातानं उचलून ठेवायची, तो घसरायचा, गाडी बंद पडायची. "चढ रे चोरा," ती त्याला म्हणायची. पुढं पुढं तो चढायला लागला, पण सुटायचा एकदम, आणि गाडी बेडकासारखी उडी मारायची. शेजारणी खिडकीतून बघायच्या. वुर्यानी हॉर्न वाजवून त्यांना बाजूला करायची.

सतरा तारखेला दुपारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग पडला होता, आतली फरशी पुसून आरशासारखी केली होती. मंडळानं खेळाडूंना कचेरीतल्या चाकाच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वुर्यानीनं आपलं सामान टेबलाला आवळलं, पेडल भिंतीला टेकवली आणि बसली. डोक्यावर स्कार्फ, स्कार्फवर लाल-पांढरी पट्टी.

शर्यत सुटली. तिनं क्लच सोडला, गाडीनं उडी मारली, पण बंद पडली नाही. पहिल्या वळणावर तिनं उजवा पाय ब्रेकवर दणकन दाबला.

ब्रेक जागचा हलला नाही. खुर्ची हलली. वुर्यानी खुर्चीसकट मागं मागं सरकत गेली ती थेट पापडांच्या दोरीपर्यंत. एक पापड तिच्या कानाला लागला. पडद्यावर तिची गाडी भिंतीला धडकून उभी राहिली.

सभागृह फुटलं. पोरं जमिनीवर लोळायला लागली. पाक सुमित्रो तोंडापुढे टोपी धरून हसत होते. दिवाणामागं भिंत असते आणि खुर्चीखाली चाकं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

प्रसोजो गर्दीतून पुढं आला. त्याचे कान लाल झाले होते. "पुरे आई. चल. पुरे झालं."

वुर्यानीनं कानाजवळचा पापड तोडला आणि एक घास खाल्ला. "नस्तिती," ती म्हणाली, "दारातल्या चपला आण."

"कुणाच्या?"

"कुणाच्याही. पाच आण. ह्या खुर्चीला पाच चाकं आहेत."

नस्तितीला एका क्षणात उमगलं. ती धावली आणि कवळाभर चपला घेऊन आली. दोघींनी खुर्ची टेबलापाशी ओढली आणि एकेका चाकाखाली रबरी चप्पल सरकवली, चाक पट्ट्यात अडकवलं. एक पाक सुमित्रोंची निघाली. त्यांचं हसणं थांबलं. "अहो, ती नवी आहे!"

"म्हणूनच घट्ट बसली," वुर्यानी म्हणाली.

चार झाल्या. पाचवी नस्तितीच्या हातात होती, तपकिरी, टाचेला झिजलेली. ती कुणाची हे वुर्यानीला लांबूनच कळलं. डावी टाच जास्त झिजवायची सवय त्याला लहानपणापासून.

"तीच घाल," ती म्हणाली.

प्रसोजो अनवाणी उभा राहिला.

तिनं गाडी मागं घेतली. क्लच दाबला; पाय थरथरला, पण गेला. गिअर पडला. बाकीच्या गाड्या तोवर लांब गेल्या होत्या, आणि थोड्या वेळानं त्यांनी मागून येऊन तिला ओलांडलंसुद्धा. पुढच्या वळणावर तिनं ब्रेक दाबला तेव्हा खुर्ची करकरली, जागची हलली नाही. हसणं हळूहळू विरलं. मग पोरांची शर्यत संपली, टाळ्या झाल्या, पहिल्या आलेल्याला प्लास्टिकची बादली मिळाली. वुर्यानीच्या फेऱ्या अजून बाकी होत्या.

"आई, संपलं," प्रसोजो हळूच म्हणाला. "सगळ्यांचं झालंय."

"माझं नाही झालं. पुरी करायची असं तूच म्हणालास."

"लोकांना घरी जायचंय."

"जा म्हणावं."

कुणाला जाता येईना. पाक सुमित्रो दारात एका पायात चप्पल घालून उभे होते. आणखी तिघांचा एकेक पाय उघडा होता. आणि प्रसोजो. त्यांना बघायला उरलेलेही थांबले. बायकांनी चहा आणला. वुर्यानीच्या कपाळावरून घाम ओघळत होता, डावा पाय मांडीपासून लटपटत होता, आणि दर वेळी क्लचवर चढताना ती त्याला ओठातल्या ओठात एक शिवी द्यायची. ती शिवी ऐकली की नस्तिती मोठ्यानं म्हणायची, "गेला! गेला!"

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा टाळ्या वाजल्या. प्रसोजो वाकला, खुर्चीखालून आपली चप्पल काढायला.

"अरे थांब," वुर्यानी म्हणाली, आणि तिनं क्लच दाबला.

"आता काय? पुरी झाली ना? सामान तुझंच."

"सामान माझंच होतं."

ती आणखी एका फेरीला निघाली होती. समोर पहिलं वळण आलं. कुंपणापाशी ती चित्रातली माणसं तशीच उभी, हात हलवत. वुर्यानीनं या वेळी मुद्दाम गाडी हळू केली, कडेला घेतली आणि थांबवली. हॉर्न दाबला. मग मान न वळवता, वर्षभर न निघालेल्या त्या खणखणीत आवाजात ओरडली:

"स्टेशन, बाजार! स्टेशन, बाजार! ए प्रसोजो, चढतोस का? मागं जागा आहे. नसेल यायचं तर दारातून बाजूला हो, लोकांना उशीर होतोय."

प्रसोजोनं चपलेवरचा हात काढला. मग तिथंच, फरशीवर, खुर्चीमागं मांडी घालून बसला.

तिनं क्लच सोडला. गाडीनं उडी मारली.

"जरा हळू, आई," तो म्हणाला.

"गाडी कुणाची आहे?" वुर्यानी म्हणाली, आणि दुसरा गिअर टाकला.