टिटवीच्या कानासाठी दुसरी शेगडी

टिटवीच्या उजव्या कानातून परत पू आला. तिच्या आईने सकाळी उशीचा अभ्रा पाहिला आणि कुणाला काही न बोलता तो साबणाच्या पाण्यात बुडवला. टिटवी सहा वर्षांची. ऐकू कमी यायचं म्हणून की काय, बोलायची मात्र इतकी मोठ्याने की घरात कोणती भाजी आहे ते खालच्या मजल्यापर्यंत कळायचं. टिटवी हे नाव तिच्या काकांनी ठेवलेलं. शाळेतलं नाव घरात कुणी घेत नसे.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आतून बघून साध्या शब्दांत सांगितलं होतं. पडद्यामागे गाठ वाढते आहे, ती हाड कुरतडते. औषधाने जायची नाही, काढावीच लागेल. "वेळेत काढली तर कान वाचेल," त्या म्हणाल्या होत्या. "उशीर झाला तर ऐकणं जाईल, आणि पुढे प्रश्न नुसता कानाचा राहणार नाही." शस्त्रक्रियेची तारीखही त्यांनी धरून ठेवली होती. अडलं होतं विम्यापाशी. कमी कमाईच्या घरातल्या मुलांसाठी सरकारी विमा होता. आईबाप परदेशातून आलेले असले तरी टिटवी इथेच जन्मलेली, म्हणजे तिचा तो हक्कच. तरीही अर्ज नामंजूर झाला. कारण, कमाई मर्यादेपेक्षा जास्त.

आई हॉटेलच्या चादरींच्या लाँड्रीत दिवसभर इस्त्रीच्या गरम रुळापाशी उभी राहायची. बाप बेकरीत पीठ मळायचा. आपली कमाई जास्त आहे हे त्या दोघांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

घडलं होतं ते असं. घरात दोन भाऊ, दोन जावा आणि ही एक पोर. थोरल्यांना मूल नव्हतं. ते बसच्या कारखान्यात वेल्डिंग करायचे, पगार धाकट्यापेक्षा बरा. पण कुणाचा पगार किती हा प्रश्न त्या घरात कधी निघालाच नव्हता, कारण सगळे पगार जाऊबाईंच्या हातात जात आणि त्या घर चालवत. अर्ज भरायच्या दिवशी लाँड्रीतून सुट्टी मिळेना, म्हणून टिटवीला घेऊन जाऊबाईच गेल्या. खिडकीतल्या माणसाने विचारलं, मुलीवर खर्च करायला घरात पैसा कुठून येतो? जाऊबाईंनी सगळ्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या त्याच्यापुढे पत्ते मांडावेत तशा मांडल्या, आणि वर ऐटीत सांगितलं, "आमच्यात तुझं-माझं नाही हो." त्या माणसाने सगळे पगार एकत्र मिळवले आणि विमा गेला.

हे कळल्यापासून जाऊबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

"मीच घालवलं," त्या एकसारखं म्हणत.

"ताई, तुम्ही खोटं काय सांगितलंत?" धाकटी, म्हणजे टिटवीची आई, म्हणाली. "जे आहे ते सांगितलंत. आता मी जाते आणि विचारते, जे आहे ते सांगून पोरीचा कान कसा वाचवायचा."

ती गेली. खिडकीतला माणूस तोच होता. मान वर न करता तो म्हणाला, "अपील करा. सुनावणी होईल. मुलीच्या काकांना आणा. आपलं घर वेगळं, कमाई वेगळी, असं त्यांनी शपथेवर सांगायला हवं."

"आणि सरकारी विमा घेतला म्हणून आमच्या राहण्याच्या परवान्याला काही होणार नाही ना? कामावर बायका काय काय सांगतात."

"तो प्रश्न इथला नाही."

मग ज्यांचा तो प्रश्न होता, त्यांना तिने गाठलं. दवाखान्यात तळमजल्यावर एक मदतनीस बाई बसायच्या, नव्याने आलेल्या लोकांना कागद समजावून द्यायच्या. त्यांनी नियम काढून तो तिला दोनदा वाचून दाखवला. इथे जन्मलेल्या मुलीच्या विम्याने आईबापांच्या परवान्याला धक्का लागत नाही. "कामावरच्या बायकांनाही सांगा," बाई म्हणाल्या. "भीतीपायी किती मुलं घरात कण्हत बसतात." धाकटीने तिथेच अपीलावर सही केली.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. थोरले वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजलेल्या बोटांना मलम लावत बसले होते.

"शपथेवर?" त्यांनी विचारलं.

"शपथेवर."

"मग नाही जमणार. देवाचं नाव घ्यायचं आणि खोटं बोलायचं, हे माझ्या तोंडून व्हायचं नाही."

धाकटा चिडला. "दादा, पोरीच्या कानापुढे तुझी शपथ मोठी?"

"पोरीच्या कानासाठीच सांगतोय. पकडलं गेलं तर तिचाच विमा कायमचा जाईल. आणि नाही पकडलं गेलं, तरी वरचा ऐकतोच आहे. त्याचे कान चांगले आहेत."

टिटवीने मोठ्याने विचारलं, "कुणाचे कान चांगले आहेत?"

थोरले उठले. "वेगळं आहे असं सांगायचं ना? मग वेगळं होऊ. खरोखरचं. मग शपथेला कसली भीती?"

आणि हा भला माणूस दुसऱ्याच दिवशी जुन्या बाजारातून एक विजेची शेगडी खांद्यावर टाकून घेऊन आला.

स्वयंपाकघर ते केवढं. दोघी जावा पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या की मधून मांजर जायचं नाही. एका भिंतीला थोरल्यांची शेगडी, समोरच्या भिंतीला धाकट्यांची. पगार ज्याचा त्याच्याकडे. मिठाच्या बरण्या दोन झाल्या. जाऊबाई आपल्या शेगडीकडे तोंड करून म्हणायच्या, "शेजारीण बाई, तुमची भाजी खाली लागतेय." धाकटी आपल्या शेगडीकडे तोंड करून म्हणायची, "शेजारीण बाई, तुम्ही आपल्या घरात बघा." मग दोघी हसायच्या, आणि हसता हसता जाऊबाईंचे डोळे भरायचे.

सगळ्यात पंचाईत टिटवीची. थाळी घेऊन ती दोन शेगड्यांच्या मध्ये उभी राहायची. काकूच्या शेगडीवरचं आवडायचं, आणि काका म्हणायचे, "तुझ्या आईकडचं खा गं, सुनावणी होईपर्यंत."

"सुनावणी कधी होणार?"

"तुझी आई मागे लागली आहे. म्हणजे लवकरच."

आई मागे लागलीच होती. जेवणाच्या सुट्टीत ती लाँड्रीच्या मागच्या जिन्यात उभी राहून रोज सुनावणीच्या कचेरीत फोन करायची. तारीख लागली का? नाही? मग उद्या याच वेळी करते. पलीकडची मुलगी तिचा आवाज ओळखायला लागली. शेवटी ती मुलगीच म्हणाली, "मावशी, तुमचं वरच्या साहेबांच्या कानावर घातलंय. आता तरी जेवा."

सुनावणी लागली, पण शस्त्रक्रियेच्या तारखेला अगदी खेटून. दवाखान्याने आधीच बजावलं होतं: आदल्या दिवसापर्यंत विमा दिसला नाही, तर ती जागा दुसऱ्या रुग्णाला जाईल, आणि पुढची कधी मिळेल सांगता येत नाही.

खोली लहानशी होती, एक टेबल आणि समोर खुर्च्या. सुनावणी घेणाऱ्या बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. समोर धाकटी, तिचा नवरा आणि थोरले. टिटवी काकांच्या मांडीवर, कारण दुसरीकडे बसायला ती तयार नव्हती. शपथ झाली.

"तुम्ही यांच्यापासून वेगळे राहता?" बाईंनी थोरल्यांना विचारलं.

"हल्लीच," थोरले म्हणाले.

"हल्लीच म्हणजे?"

"म्हणजे या सुनावणीसाठीच झालो, बाई. आधी एकत्र होतो. वेगळं आहे असं शपथेवर सांगायचं, म्हणून दुसरी शेगडी आणली. पण घर एकच आहे. आता खरं विचाराल, तर दोन भिंतींना दोन शेगड्या आहेत, इतकंच."

धाकट्याने कपाळाला हात लावला. "दादा," तो पुटपुटला, "बस झालं."

बाईंनी चष्मा खाली ओढला. "शेगडी आणायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"खिडकीतल्या साहेबांनी. म्हणजे शेगडीचं नाही, वेगळं घर सांगायला हवं असं म्हणाले."

"काही गरज नव्हती," बाई म्हणाल्या. "मुलीच्या विम्याला कमाई धरायची ती तिच्या आईबापांची. काका एका घरात राहो नाहीतर एका ताटात जेवो, त्याचा पगार यात येत नाही. तो मिळवलाच कसा, ते मी आत विचारते. तुमच्याकडून मला एवढंच हवंय." त्यांनी थेट थोरल्यांकडे बघितलं. "ही मुलगी तुम्ही दत्तक घेतली आहे का? तिची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर आहे का? मुलगी तुमची आहे का?"

सोपा प्रश्न. उत्तरही एका शब्दाचं. पण थोरल्यांचं तोंड उघडेना. तिच्या पहिल्या पावलाला पुढे हात धरणारे ते, रात्री तिच्या चांगल्या कानाशी बसून हळू आवाजात गाणारे ते. मांडीवर ती त्यांच्या शर्टाचं बटण फिरवत होती.

"मला लिहून घ्यायचंय," बाई म्हणाल्या.

"दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "बोला. तुम्ही नाही म्हणालात तरच तिला ऐकू येणार आहे."

"कायद्याने," थोरले म्हणाले, "नाही."

टिटवीने मान वर केली. "काय नाही?"

"काही नाही गं," काका म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं. "झालं. निकाल तुमच्या बाजूने जाईल. घरी पोस्टाने कळवतील, तीन-चार आठवड्यांत."

धाकटा उठायला लागला. धाकटी बसूनच राहिली.

"बाई, तीन-चार आठवडे आमच्याकडे नाहीत. परवा तिची शस्त्रक्रिया आहे. उद्यापर्यंत विमा दिसला नाही, तर जागा जाईल."

"पद्धत आहे ती, मी काय करणार?"

"तातडीचीही पद्धत आहे. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी मला सांगितलंय. डॉक्टरने धोका आहे असं सांगितलं, तर निकाल त्याच दिवशी देता येतो."

"हो, पण डॉक्टरने तसं मला कळवायला हवं."

"फोन करा. डॉक्टरीणबाई आत्ता रुग्ण तपासायला बसल्या असतील. नंबर मी सांगते." आणि तिने तोंडपाठ असलेला नंबर एकेक आकडा सांगायला सुरुवात केली.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर पुढची माणसं खोळंबली होती. "तुम्ही बाहेर बसा, मी बघते."

"बसते," धाकटी म्हणाली. "पण इथेच बसते. कोपऱ्यात. तुमच्या कामाच्या आड यायची नाही. नामंजूर लिहायला तुमच्या लोकांना वेळ लागला नव्हता, बाई. मंजूर लिहायलाही तेवढाच लागत असेल."

हे ती भांडून बोलली नाही. चादरीची घडी घालावी तसं, कडेला कड जुळवून बोलली. बाईंनी तिच्याकडे, मग टिटवीच्या कानातल्या कापसाकडे बघितलं आणि फोन उचलला. पलीकडून दोनदा वाट बघायला लावली, एकदा फोन तुटला. धाकटीने नंबर परत सांगितला. शेवटी डॉक्टरीणबाई सापडल्या. फोन चालू असताना सुनावणीच्या बाई फक्त "हं" म्हणत होत्या, पण शेवटचा "हं" वेगळा होता. त्यांनी संगणकाकडे खुर्ची वळवली. विमा त्याच दुपारी लागू झाला. धाकटीने दवाखान्यात फोन करून तो तिकडे दिसतोय याची खात्री केली, आणि मगच ती खुर्चीवरून उठली.

घरी जाऊबाईंनी बातमी ऐकली, हात पुसले आणि आपल्या शेगडीची पिन भिंतीतून उपटली. "शेजारीण बाई," त्या म्हणाल्या, "सरका जरा."

शस्त्रक्रियेच्या दिवशी टिटवीला हिरवा झगा घातला. तो तिला पायांच्याही खाली येत होता. सही करायचे कागद आईने उभ्यानेच वाचून काढले, न कळलेलं विचारलं, आणि सही केली. चाकांची खाट दारापाशी आली तेव्हा नर्स म्हणाली, "झोपेचं औषध लागेपर्यंत कुणीतरी एकाने आत यायचं. हात धरायला."

"काका," टिटवी म्हणाली. सगळ्या मजल्याने ऐकलं.

थोरले मागे सरले. "आई जाईल ना. आई आहे."

"दादा," धाकटी म्हणाली, "सही माझी झाली. हात तुम्ही धरा."

"अगं, पण मी कायद्याने..."

"कायद्याचं काम परवाच संपलं."

नर्सने त्यांच्यापुढे टोपी आणि झगा धरला. "वडील का तुम्ही?"

"नाही," थोरले म्हणाले, आणि या वेळी शब्द अडला नाही. "काका." त्यांनी टोपी घातली, भाजलेल्या बोटांनी टिटवीची बोटं धरली आणि खाटेबरोबर चालू लागले.

दार मिटलं. टिटवीचा आवाज दाराच्या आतूनही येत होता. काका टोपीत कसे दिसतात ते ती त्यांना सांगत होती. मग तो आवाज हळू झाला. धाकटी दाराला पाठ लावून उभी राहिली आणि जाऊबाईंचा हात आपल्या हातात घेऊन वाट बघू लागली.