सवतीची ओटी

लग्नात मल्हारीनं फुलाबाईच्या गळ्यात दोन गोष्टी बांधल्या. एक काळी पोत, दुसरी मेलेली सवत. हो, सवतच! पहिली बायको कुसाबाई विहिरीत पडून गेली, म्हणून तिची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात वागवायचा. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, घास आधी तिला ठेवायचा. नाहीतर म्हणे सवत छळते. जिवंत नवरा छळतो, त्यावर मात्र कुठला टाक नाही!

नाशिकजवळच्या त्या फुलांच्या मळ्यात फुलाबाईनं मुकाट्यानं मार खाल्ला. पण सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत झेंडू तोडताना मल्हारी तिच्या कानाशी येऊन हळूच बोलला, "कुसाबाई पण अशीच उलटून बोलायची. विहीर हाय तिथंच हाय." तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेव्हापासून पाणी शेंदताना तिला वाटायचं, खालून कोणीतरी वर बघतंय. शेवटी एक दिवस पाटी बांधावरच टाकून तिनं तडक पोलीस ठाणं गाठलं. इथून परत पाठवलं तर आपलीही कुसाबाई होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हवालदार देवराम हसला. "अगं, भांड्याला भांडं लागायचंच." मल्हारीला बोलावून त्यानं दम भरला. मल्हारीनं कान धरले, डोळ्यांत पाणी आणलं. काय सोंग ते! मग बायकांच्या तक्रारी बघणाऱ्या पोलीसबाई चतुराबाईंनी नारळ, तांदूळ अन् खण मागवला. समेट झाला की बाईची ओटी भरून तिला नांदायला धाडायचं, ही त्यांची रीत. बाई मनानं चांगल्या, त्यात खोट नाही.

"ये, आजपासून तू आमची लेक," त्या म्हणाल्या.

खण हातात पडताच फुलाबाईनं सवयीनं टाक बाहेर काढला आणि खण त्याला लावला. "आधी तिची ओटी, मग माझी."

"कोण गं ही?"

"सवत. कुसाबाई."

चतुराबाईंची तांदळाची मूठ तशीच थांबली. त्यांनी मल्हारीकडं निरखून पाहिलं. "तरीच! मघापासून म्हणतेय, हे तोंड कुठं पाहिलं." मल्हारीनं मान खाली घातली. "ह्या कुसाबाईची ओटीही मीच भरलीय रे. इथंच."

"बाई, उरका आता," देवराम घाईनं म्हणाला.

फुलाबाईनं टाक चतुराबाईंपुढं धरला. "मग तुम्हीच विचारा तिला. मी घरी जाऊ का?"

चतुराबाईंनी टाक हातात घेतला. "तिनंही हेच विचारलं होतं, पोरी. दारातून मागं वळून. बाई, जाऊ ना? अन् मी म्हटलं, जा, सुखानं नांद."

मल्हारी हळूच दाराकडं सरकला.

"हवालदार, त्याला बसवा तिथं!" चतुराबाई ओरडल्या. "ही पोर आज माझ्या घरी येतेय. अन् ह्याच्यावर गुन्हा लिहा. दोघींचा."